अंबक्काची डिश

केशवापुरातलं ते घर आम्ही भाड्याने बघायला गेलो, तेव्हा घरमालकीण गच्चीवर होती. माझ्या नवऱ्याने अंगणातून "कोणी आहे का?" म्हणून हाक मारली, तर वरून उत्तर आलं, "हाय की! वर या. दोघंबी या."

वर गेलो. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला, हातात पाना, आणि समोर तिच्याहूनही उंच अशी जाळीची डिश. नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. हुबळीत अशा डिश तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्या बसवायला लोक माणूस बोलवत. ही बाई स्वतःच बसवत होती.

"घर बघायला आलाय? घर कुठं पळत न्हाई," ती म्हणाली. "आधी ह्यो पाइप धरा."

माझा नवरा विद्यानगरच्या एका कॉलेजात नुकताच लागलेला प्राध्यापक. इस्त्रीच्या शर्टात त्याने तो गंजका पाइप छातीशी धरला. मला तिने कठड्याशी उभं केलं. खाली अंगणात एक सडपातळ गृहस्थ हॉलच्या खिडकीपाशी उभे होते, हातात पंचा. खिडकीतून ते आतला टीव्ही बघत. पडद्यावर चित्र आलं की पंचा वर करायचा, नुसत्या मुंग्या असल्या की खाली.

"ते ओरडून का नाही सांगत?" मी विचारलं.

"त्यांचा आवाज जिन्याच्या पहिल्या पायरीवर संपतो," ती म्हणाली आणि डिश जराशी सरकवली.

पंचा वर गेला. मी "आलं!" म्हणून ओरडले. तिने नट आवळला, पाना कमरेला खोचला आणि मगच आमच्याकडे नीट पाहिलं. "मी अंबक्का. खाली ते आमचे अप्पा. पाणी सकाळी येतंय. कपडे पलीकडच्या तारेवर घालायचे, डिशला बांधायचे न्हाईत. पसंत असलं तर सामान आणा."

घर अजून पाहिलंच नव्हतं. सामान आणलं.

अंबक्का मूळची मिरजेची. तिच्या वडिलांचं तिथं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्यांत ती वाढली. लग्न होऊन हुबळीत आली ती दुसऱ्या हार्डवेअरच्या दुकानातच. अप्पांचं दुकान दुर्गदबैलच्या बाजारातल्या गर्दीत, आणि मालाचं गोदाम केशवापुरात, घराच्या मागच्या अंगाला. नवरा-बायकोची वाटणी पक्की होती: माल तिचा, गिऱ्हाईक त्यांचं. पाइप आले, तारेची बंडलं आली, की हातगाडीवरून उतरवून घ्यायची, तपासायची, वाईट निघाली तर त्याच हातगाडीवर परत चढवायची. दुकानाकडे मात्र ती सहसा फिरकत नसे. अप्पा सकाळी जात, रात्री येत, मुकाट्याने जेवत.

तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक चुंबक होतं. गल्लीत कोणी नवं स्टीलचं पातेलं आणलं की अंबक्का आधी चुंबक लावून बघणार. स्वयंपाकघरात चिमट्याशेजारी पक्कड टांगलेली असे, आणि गरम पातेलं ती बऱ्याचदा पक्कडीनेच उतरवी. मिरज-कोल्हापूरकडच्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल "मी येतो, मी करतो" असंच बोले. आणि कुठलंही काम पुढे आलं की तिचा एकच शब्द ठरलेला: "होतंय की."

सगळंच होत असे असं मात्र नाही. एका हिवाळ्यात तिने आमच्या मजल्यावरची नळजोडणी स्वतः बदलली आणि गरम पाणी न्हाणीत न येता संडासाच्या टाकीत येऊ लागलं. मी खाली जाऊन सांगितलं. ती वर आली, झाकण उघडून वाफ बघितली आणि म्हणाली, "थंडीचं बरंय की." पुढच्या आठवड्यात तिने ते दुरुस्त केलं, पण चुकलं असं तोंडाने म्हणाली नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नाही.

पुढे केबल आली. गल्लीतल्या सगळ्यांनी घेतली, अंबक्कानेही घेतली. गच्चीवरची डिश तशीच राहिली. तिच्या जाळीवर उन्हाळ्यात सांडगे वाळायचे.

मग एका सकाळी दुकानाला निघताना, चपलेत पाय घालता घालता, अप्पा उंबऱ्यात खाली बसले. माझा नवरा आणि अंबक्का त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. उजवी बाजू गेली होती. काही आठवड्यांनी अप्पा काठी घेऊन हॉलपासून अंगणापर्यंत चालू लागले, डाव्या हाताने जेवू लागले. समजत सगळं होतं. कुठे हसायचं, कुठे नाही, बरोबर कळत होतं. पण बोलणं गेलं होतं. तोंड उघडलं की नुसता श्वास यायचा आणि कधीतरी "ब... ब..." असा आवाज.

डॉक्टरांनी सांगितलं, यांच्या कानावर माणसांचं बोलणं सतत पडू द्या. बोलणाऱ्याचे ओठ दिसू देत. तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवा, धीर सोडू नका. शब्द परत येऊ शकतात.

"येऊ शकतात कशाला, येतात की," अंबक्का म्हणाली.

यात एक गोष्ट तिने स्वतःच्या मनाने घातली. हुबळीत आम्ही सगळेच दोन भाषांत राहणारे. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. अंबक्काने ठरवलं, अप्पांच्या कानावर आता एकच भाषा पडेल. "दोन नळ एका टाकीला जोडले की पाणी गढूळ येतंय," ती म्हणाली. "घरची भाषा मराठी. ती आधी येऊ दे. कन्नड मागनं बघू."

त्या दिवसापासून त्या घरात कन्नड बंद झालं. दुकानातले नोकर मालकांना भेटायला आले तर त्यांना दारात थांबवून आधी ताकीद मिळे, मगच आत प्रवेश. दूधवाल्याला मराठी येत नव्हतं, त्याला तिने "दूध आलं, अप्पा, बरं आहे का?" एवढं पाठ करायला लावलं. तो बिचारा रोज सकाळी दारात उभा राहून शाळेतल्या पोरासारखा ते म्हणायचा आणि मग लांब पायऱ्या टाकत निघून जायचा.

दिवसभर बोलत राहणं एकट्या बाईला कसं जमणार? दुकानाकडेही आता तिलाच बघावं लागत होतं. तेव्हा टीव्ही कामी आला. अप्पा मराठी बातम्या बघत. बातम्या देणारी बाई समोर तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायची, आणि अप्पांची नजर तिच्या ओठांवर खिळायची. त्यांचे स्वतःचे ओठही हलायचे. पण बाई पुढच्या बातमीवर जायची आणि ओठ थांबायचे.

"हिला परत म्हणायला लावायचं कसं?" अंबक्का चिडून म्हणायची. "बोलतीया आणि पळतीया."

त्यातच केबलवाल्याने ती मराठी वाहिनी काढून टाकली. बघणारी घरं फार नाहीत, असं त्याचं म्हणणं. अंबक्काने त्याला अंगणाबाहेर उभं करून दोन्ही भाषांत सुनावलं. तो गेल्यावर तिने स्वयंपाकघरातली पक्कड आणली आणि खांबावरून येणारी त्याची वायर स्वतःच्या हाताने कापली.

"आता गं?" मी विचारलं.

"गच्चीवर डिश काय सांडग्यांसाठी हाय व्हय?"

दस्तगीर हे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. डिशच्या जमान्यात तो गावभर डिश बसवत फिरे आणि क्लॅम्प, नट-बोल्ट सगळं अप्पांच्या दुकानातून नेई. केबल आल्यावर त्याने कंप्युटर दुरुस्तीचं काम धरलं होतं. अंबक्काने त्याला बोलावून घेतलं. कन्नड आणि हिंदी, दोन्हींना बंदी असल्यामुळे दस्तगीरची फार ओढाताण होत होती.

"अक्का, डिशची तार आता टीव्हीला नाही लावायचा," तो म्हणाला. "कंप्युटरला लावायचा. आतमध्ये एक कार्ड बसतो. मग कंप्युटरच टीव्ही होतो. चालू कार्यक्रम थांबवता येतो. मागे नेता येतो. ठेवून देता येतो."

"परत म्हणायला लावता येतंय?"

"शंभर वेळा."

"मग आण."

कंप्युटर आला. अप्पांच्या खुर्चीसमोर टीव्ही होता तिथेच राहिला. कंप्युटर त्याच्या शेजारी बसला आणि त्याचं चित्र मोठ्या टीव्हीवर दिसू लागलं. गच्चीवरच्या डिशची जाळी घासून घेतली, तिच्या तोंडासमोरचा डबा, ज्याला दस्तगीर एलएनबी म्हणे, तो नवा बसवला. आता डिश त्या मराठी वाहिनीच्या उपग्रहाकडे वळवायची होती. अडचण एकच: डिश वर, पडदा खाली. आणि पंचा हलवणारा माणूस आता खुर्चीत होता.

दस्तगीर म्हणाला, मी वर थांबतो, तुम्ही खालून मोबाइलवर सांगा. अंबक्काला ते पटलं नाही. "डोळा एकाचा आणि हात दुसऱ्याचा, असं काम घट्ट बसत न्हाई." तिने कंप्युटरच गच्चीवर नेला. पेटी दस्तगीरने उचलली, मॉनिटर माझ्या नवऱ्याने, आणि वीज आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आली. भर दुपारचं ऊन. पडद्यावर काही दिसेना. मग मी आणि अंबक्काने एक सोलापुरी चादर डोक्यावरून ताणली आणि त्या तंबूत आम्ही कंप्युटरसमोर बसलो. पलीकडच्या गच्चीवरच्या बायका कपडे वाळत घालायचं सोडून बघत राहिल्या.

पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. एक सांगायची, वरून किती जोराने काही येतंय. दुसरी सांगायची, जे येतंय त्यातून चित्र बनण्याजोगं काही आहे का. पहिली पट्टी भरली. दुसरी रिकामीच.

"सिग्नल आहे, अक्का," दस्तगीर बाहेरून म्हणाला, "पण सिग्नल नाही."

"म्हणजे आवाज मोठा, पण बोलणं काय कळंना," अंबक्का म्हणाली. मग चादरीबाहेर डोकं काढून ओरडली, "सरकव! पूर्वेला! माशी बसल्यासारखं सरकव!"

दस्तगीरने किती वेळा सरकवलं कोण जाणे. अंबक्काला ते बघवेना. ती स्वतः डिशच्या मागे गेली, दोन्ही तळवे जाळीला लावले आणि मोठ्या भांड्यातलं कढत दूध सांडू नये तशा अदबीने ती डिश हलवू लागली. दुसरी पट्टी एकदम उठली. मी ओरडले. तिने हात न काढता दस्तगीरला नट आवळायला सांगितलं.

खाली आणून जोडलं, तर अर्ध्याच वाहिन्या दिसू लागल्या. नेमकी मराठी वाहिनी उरलेल्या अर्ध्यांत. दस्तगीर हिरमुसला. त्याने सांगितलं, डिशवरच्या त्या डब्याला काही वाहिन्यांसाठी कमी आणि काहींसाठी जास्त दाबाची वीज लागते. ती खालून कंप्युटरच देतो, त्याच तारेतून. जास्त दाब वरपर्यंत पोचत नाही. डबा खराब असेल, नाहीतर कार्ड.

अंबक्का तारेकडे बघत होती. तिने पक्कडीने टोक सोललं. आतली तार लालसर, तांब्यासारखी चमकत होती. तिने किल्ल्यांचं जुडगं काढलं आणि चुंबक लावलं. तार चिकटली.

"तांबं कधी चिकटतंय व्हय?" ती म्हणाली. "आत लोखंड, वर मुलामा. गंजक्या पाइपातनं वरच्या मजल्यावर पाणी चढंल का?"

दस्तगीरने आणि मी एकमेकांकडे बघितलं. कारण ते बंडल तिच्याच गोदामातलं होतं, तिनेच हौसेने काढून दिलेलं. अंबक्का गोदामात गेली, त्या मालाची उरलेली सगळी बंडलं बाहेर फेकली आणि नोकराला म्हणाली, "ही पाठवणाऱ्याकडं परत. आपल्याकडं इकायची न्हाईत." अस्सल तांब्याची तार बाजारातून आली. संध्याकाळी बातम्या देणारी बाई हॉलमध्ये परत आली, केबलवर कधी दिसली नव्हती इतकी स्वच्छ.

अप्पांना डाव्या हाताने चालवता यावं म्हणून अंबक्काने कीबोर्डवर टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली दाबली की बाई थांबायची. हिरवी दाबली की जरा मागे जाऊन तेच वाक्य परत म्हणायची. पहिल्या दिवशी अप्पांनी लाल टिकली दाबली, बाईचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, आणि अप्पा आवाज न करता पोट धरून हसले. आजारानंतर त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग धडे सुरू झाले. सकाळी दुकानाला जाण्याआधी आणि दुपारी आल्यावर. "नमस्कार," बाई म्हणायची. हिरवी टिकली. "नमस्कार." हिरवी टिकली. अंबक्का शेजारी बसून स्वतःचे ओठ मोठे करून म्हणायची, "न-म-स्का-र." अप्पा ओठ जुळवायचे. श्वास यायचा. शब्द यायचा नाही.

पावसाळा सरला, दिवाळी झाली. अप्पा आता पाठ फिरवू लागले होते. एकदा त्यांनी डाव्या हाताने कीबोर्ड ढकलून खाली पाडला. अंबक्काने तो उचलला, निघालेली टिकली परत चिकटवली आणि म्हणाली, "होतंय की." पण त्या दुपारी मी कपडे काढायला गच्चीवर गेले, तर ती डिशपाशी पाना घेऊन बसली होती. एकच नट आवळत होती. तो आधीच आवळलेला होता. मी कपडे काढून खाली आले.

आणि मग तो रविवार. मी खाली भाजी निवडत बसले होते. बाई म्हणाली, "आता पाहूया सविस्तर बातम्या." अंबक्काने मागे नेलं. "आता पाहूया सविस्तर बातम्या." परत मागे नेलं. "म्हणा की, अहो. आता... पा-हू-या..." परत मागे.

अप्पांनी डावा तळवा खुर्चीच्या हातावर दाणकन आपटला.

"साकु!"

खणखणीत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर संपणारा आवाज नव्हता तो. अंगणातून पार रस्त्यावर गेला असता.

अंबक्काने लाल टिकली दाबली. "काय म्हणाले?" तिने मला विचारलं, जणू तिला त्या कन्नड शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. पुरे. बस्स झालं. हुबळीतलं मूलही बोलायला शिकतं तेव्हा पहिल्या चार शब्दांत हा शब्द शिकतं.

"साकु म्हणाले," मी सांगितलं.

"परत म्हणा," ती अप्पांना म्हणाली.

अप्पा स्वतःच दचकले होते. त्यांनी हळूच ओठ जुळवले. "साकु." मग जरा मोठ्याने, "साकु." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते डाव्या हाताने पुसत ते पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत राहिले.

अंबक्का उठून आत गेली. तोंड धुतल्याचा आवाज आला. बाहेर आली ती पदराला हात पुसत.

"सुधा," ती मला म्हणाली, "मी नळ उलटा जोडला. चुकलो मी."

एवढंच. मग तिने दस्तगीरला फोन लावला आणि कित्येक महिन्यांनी त्या हॉलमध्ये कन्नड ऐकू आलं. त्याला कन्नडमध्येच तिने विचारलं, कन्नडचा उपग्रह कुठे आहे? तो म्हणाला, जवळच आहे. तीच डिश, शेजारी दुसरा डबा बसवू, मध्ये एक स्विच. दुसऱ्याच दिवशी तो आला. वर काम करताना तो इतका मोकळेपणाने, इतक्या मोठ्याने बोलत होता की डिशपेक्षा त्यालाच जास्त बरं वाटलं असावं. दूधवालाही सुटला. सकाळी दारातून "ह्यांग इद्दीरी, अप्पा?" असं विचारून उत्तराची वाट बघत थांबू लागला. कसे आहात, एवढंच तर विचारायचं होतं त्याला इतके दिवस.

कन्नडमध्ये अप्पांना बातम्यांची बाई नकोशी झाली. त्यांना आवडायचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, जिथे कुठल्या तरी गावचा माणूस बांधावर उभा राहून मिरचीबद्दल बोलायचा. अप्पा हिरवी टिकली स्वतः दाबत. त्या माणसाच्या मागोमाग एखादा शब्द त्यांच्या तोंडून निसटायचा. "मळी." पाऊस. "छलो." चांगलं. शब्द सुटे सुटे येत होते. वाक्य अजून जुळत नव्हतं.

एका सकाळी अंबक्का चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. अप्पांनी मान वर केली, डोळे बारीक करून हसले आणि अगदी गोड, लांबवलेल्या आवाजात म्हणाले,

"एन बेक्रि, अक्कार?"

काय पाहिजे, अक्का? दुर्गदबैलमध्ये दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक बाईला ते हेच विचारत. ते वाक्य त्यांनी आयुष्यभरात किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. आजारपणानंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य तेच होतं, आणि समोर बायको होती.

अंबक्काने कप खाली ठेवला. मी दारात होते. तिचा चेहरा मला दिसला. एक क्षण तिला ते लागलं. "मी काय गिऱ्हाईक झालो व्हय?" ती मराठीत पुटपुटली. मग तिने वेताचा मोडा ओढला, त्यांच्यासमोर बसली, पदर डोक्यावरून घेतला जसा खेड्यातून आलेली बाई घेते, आणि म्हणाली,

"अर्धा किलो मोळे कोड्री." खिळे द्या अर्धा किलो.

अप्पांनी भुवया उंचावल्या. "एष्टु इंची?" किती इंची?

"एरडु." दोन.

अप्पांनी डावा हात पुढे केला, हवेत काहीतरी उचललं, तोललं, जरा कमी वाटलं म्हणून अजून चिमूटभर टाकलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. "तगोरी," ते म्हणाले. घ्या.

तिने ओंजळ मिटून घेतली.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे वर आली. अशी रिकाम्या हाताने, काही काम नसताना, ती कधी येत नसे. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सुधा, तू दुकानात गेलीस ना कधी, हे बसलेले असताना? कसे बोलायचे गं ते?"

मी आठवून सांगितलं. एकदा पडद्यासाठी हुक आणायला गेले होते. अप्पा एकाच वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलत होते. एका म्हाताऱ्याची चेष्टा चालली होती की इतकं मोठं कुलूप घेतोस, जावई आलाय वाटतं घरी. शेजारचा कापडवाला हसून हसून बेजार झाला होता. कोणाचं पोरगं पास झालं, कोणाची म्हैस व्याली, सगळं त्यांना ठाऊक. मी तर हुक घ्यायचा विसरून ऐकत उभी राहिले होते. हेच का आमचे खालचे अप्पा, असं वाटलं होतं.

अंबक्का लक्ष देऊन ऐकत होती. "अजून काय बोलले?" तिने विचारलं. मला अजून आठवत होतं तेवढं मी सांगितलं. तिने मला तो कुलपाचा किस्सा पुन्हा सांगायला लावला.

"घरात आमची आत्ती होती, सासूबाई," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर हे तोंड उघडायचे न्हाईत. आत्ती गेल्या, पण सवय न्हाई गेली. मराठीत ह्यांना 'बरं' आणि 'असू दे' एवढंच येतंय असं मला वाटायचं." मग उठली. "चाळीसेक वर्षं झाली की गं. गोदामात बसून मी मालच मोजत राह्यलो."

त्यानंतर अंबक्काने घरातली भाषाच बदलली. ती स्वतः अप्पांशी कन्नडमध्ये बोलू लागली. तिचं कन्नड मिरजेच्या वळणाचं, गोदामातल्या हमालांकडून शिकलेलं. क्रियापदं वाट्टेल तिथे जायची. अप्पा तिला अडवू लागले. पहिल्यांदा बोट वर करून, मग शब्दाने, मग चेष्टेने. तिच्या चुकांची ते नक्कल करत. ती भडकायची. मराठीत वाद घालायची, आणि ते शांतपणे म्हणत, "कन्नडदाग हेळु." कन्नडमध्ये सांग.

बोलणं पूर्वीसारखं कधीच झालं नाही. शब्द अडायचा, मध्येच भलताच यायचा, आणि तो योग्य शब्द सापडेपर्यंत अप्पांचा डावा हात हवेत गोल फिरत राहायचा. मराठीही पुढे थोडीफार आली, पण पाहुणी आल्यासारखी. सणावाराला, नातेवाईक आले की. काठी टेकत ते सकाळचे तासभर दुकानातही बसू लागले. अंबक्का गल्ल्यावर आणि ते पायरीजवळ खुर्ची टाकून. गिऱ्हाईक माल तिच्याकडे मागे आणि गप्पा त्यांच्याशी मारी. मी एकदा तिकडून जाताना पाहिलं, तर अंबक्का हातातलं कुलूप तसंच धरून, माल द्यायचा विसरून, ते काय बोलतायत ते ऐकत होती.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही हुबळी सोडली. सामान ट्रकने पुढे गेलं होतं, रिक्षा दारात उभी होती. मी निरोप घ्यायला खाली गेले, तर आतून मोठमोठ्याने आवाज येत होते. दुकानाला नवं शटर बसवायचं होतं. अंबक्काला एका जातीचं हवं होतं, अप्पांना दुसऱ्या. कडाक्याचं भांडण जुंपलं होतं, सगळं कन्नडमध्ये. अप्पा शब्दाला अडखळत होते, हात फिरवत होते, आणि सापडला की असा नेमका मारत होते की अंबक्काला उत्तर सुचत नव्हतं.

मी दारात उभी असल्याचं तिने पाहिलं. ती बाहेर आली. चेहरा लालबुंद, पदर खोचलेला. माझ्या हातात एक पुडकं कोंबलं, त्यात सांडगे होते. माझ्या गालावरून हात फिरवला. डोळे भरून आले होते तिचे. पण कान आतच होते.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली. "मी रिक्षापर्यंत येतो."

तेवढ्यात आतून अप्पांनी काहीतरी म्हटलं. मला नीट कळलं नाही, पण दारातला रिक्षावाला फिसकन हसला. अंबक्का गर्रकन वळली. दोन पावलं आत गेली, परत आली, मला घट्ट धरलं आणि सोडलं.

"जा तू आता," ती घाईने म्हणाली. "आत जायला पाहिजे मला. जिंकायलेत ते."

आणि ती आत गेली. रिक्षा वळेपर्यंत मला दोघांचे आवाज ऐकू येत होते. त्यातला मोठा आवाज अप्पांचा होता.